नाशकात फॅन-मेळावा भरवायचा तर

पहिलं काम: दोनशे पानी वही आणा. पुठ्ठ्याच्या बांधणीची, शिवलेली. हॉल, बॅनर, बॅज, पोशाख हे सगळं नंतर.

मी कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत ब्लाउज आणि ड्रेस शिवते. लेक सातवीत असताना ॲनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनच्या नादाला लागली. तिच्यासाठी त्यातल्या पात्रासारखा एक झगा शिवला, मग तिच्या मैत्रिणींसाठी चार शिवले, आणि २०१९ च्या जानेवारीत आम्ही पहिला मेळावा भरवला. चाळीसेक माणसं येतात. मांगा (जपानी धाटणीची कॉमिक्स) काढणाऱ्या कॉलेजच्या मुली, कॉमिक्सचे गठ्ठे सांभाळून ठेवलेले एक बँकेतले गृहस्थ, विज्ञानकथांचे जुने अंक जमवणारे निवृत्त मास्तर, आणि आईचा हात धरून येणारी पाचवी-सहावीची पोरं.

पाच वर्षं आमचं सगळं एका कंपनीच्या पानावर होतं. येणाऱ्यांची यादी, पत्ता, फोटो, पोशाखांची मापंसुद्धा. २०२४ च्या पावसाळ्यात एका शनिवारी सकाळी ते पान उघडेना. ‘नियमभंग’ एवढंच लिहून आलं. कोणता नियम, कुणी मोडला, हे विचारायला समोर माणूस नाही. तीनदा फॉर्म भरला, उत्तर आलं नाही. अकराशेच्या आसपास फोटो गेले. आदल्याच वर्षी माझ्या सासूबाई गेल्या होत्या, आणि मेळाव्यातले त्यांचे सगळे फोटो त्या पानावरच होते.

म्हणून आधी वही.

वहीत काय लिहायचं

प्रत्येकाला एक ओळ. ज्या नावानं हाक मारलेली आवडेल ते नाव, फोन किंवा ईमेल, आणि कशासाठी संपर्क केलेला चालेल. शेवटचा रकाना सोडू नका. काहींना फक्त पुढची तारीख कळवलेली हवी असते, काहींना फोटोही हवे असतात. एक मुलगी दरवर्षी स्वतःच्या हातानं लिहिते, “घरी फोन करू नये.” आम्ही करत नाही. खरं नाव लिहायची सक्ती कुणालाही नको. मेळाव्यात एका वेगळ्या नावानं दिवस काढणं हाच काहींचा वर्षभरातला मोकळा श्वास असतो.

२०२३ साली आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. मोठ्या कंपन्यांसाठी त्यात पुष्कळ कलमं आहेत, पण आपल्यासारख्यांनी उचलावा असा त्याचा गाभा सोपा आहे: माहिती विचारून घ्या, ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरा, काम झालं की पुसून टाका. कुणी “माझं नाव काढा” म्हटलं तर मी ती ओळ काळ्या मार्करनं पूर्ण झाकते आणि त्या माणसाला दाखवते.

वहीवरून एक यादी संगणकावरही करून ठेवा. ती दोघांकडे हवी. एकाचा फोन हरवला म्हणून मेळावा अडायला नको.

स्वतःचं पान

चॅटचे ग्रुप, इन्स्टावरचं खातं वगैरे जरूर ठेवा. नवी पोरं तिथूनच येतात. पण मूळ पान स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर असू द्या. डोमेनला, म्हणजे त्या पत्त्याला, आम्हाला वर्षाला आठशेच्या आसपास पडतात. पत्ता देवनागरीतही घेता येतो, .भारत हे टोक २०१४ च्या ऑगस्टपासून मिळतंय. पान अगदी साधं करा: तारीख, जागा, नियम, मागच्या वर्षाचे परवानगी मिळालेले फोटो. माझ्या लेकीनं ते दोन रविवारांत उभं केलं. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये गोल करून ठेवा, आणि ज्या ईमेलवर डोमेन घेतलं त्याचा पासवर्ड दोघांना ठाऊक असू द्या. पैसे भरायचे राहिले आणि नाव दुसऱ्यानं उचललं, असं पुष्कळांचं होतं.

लोक म्हणतात, एवढं कशाला, फुकट जागा आहेत की. ऑर्कुट आठवतंय? ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. माझ्या लग्नाआधीच्या मैत्रिणींनी तिथे लिहिलेलं पानभर बोलणं मी उतरवून घेतलं नव्हतं. तेव्हा वाटलं, एवढी मोठी कंपनी, कुठे जातेय.

आपल्यासारख्याचं छोटं पान मोठ्या कंपनीच्या पानाइतक्याच डेटाखर्चात उघडतं, हेही आपोआप झालेलं नाही. २०१५ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, लोकांची मतं मागवली तेव्हा दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. त्यातला एक माझा होता, दुकानात गिऱ्हाईक नसताना बसून लिहिलेला. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं नियम केला की तुम्ही काय बघता यावरून डेटाचा दर वेगवेगळा लावता येणार नाही. काही मोजक्या साइट फुकट आणि बाकीच्या विकत, असं झालं असतं तर आमचं पान त्या बाकीच्यांतच पडलं असतं.

तारीख आणि जागा

पौषात धरा. पौषात लग्नाचे मुहूर्त फारसे नसतात, त्यामुळे सोसायट्यांचे आणि ज्ञातीसंस्थांचे छोटे हॉल रिकामे असतात आणि भाड्यात घासाघीस करता येते. नाशिकची थंडीही तेव्हा कामाला येते. फोमचा चिलखती पोशाख घालून एप्रिलात कुणी अर्धा तास उभं राहून दाखवावं. संक्रांत जवळ असली तर तिळगूळ ठेवा.

फेब्रुवारी-मार्च टाळा, बारावी-दहावीची मुलं येऊ शकत नाहीत आणि चोरून आली तर घरी भांडणं होतात. धुळवड ते रंगपंचमीचा आठवडाही नको. त्या दिवसांत जुन्या नाशकात वीरांची मिरवणूक निघते, रहाडी म्हणजे रंगाचे जुने हौद उघडतात, आणि आपल्या मेळाव्यातली निम्मी पोरं तिकडेच असतात. २०२७ ला सिंहस्थ आहे. त्या काळात बाहेरगावच्यांना बोलवायचं तर रस्ते आणि राहण्याची सोय आधी पाहा.

चाळीस माणसं म्हणजे फार कमी असं मानू नका. सॅन डिएगोचा जगप्रसिद्ध कॉमिक-कॉन १९७० च्या मार्चमध्ये एका हॉटेलच्या तळघरात एका दिवसासाठी भरला होता, शंभरेक माणसांचा. टोकियोचं कॉमिकेट १९७५ च्या डिसेंबरात ३२ गटांनिशी सुरू झालं, आणि आज तिथे लाखोंनी लोक जातात. दिल्लीचा पहिला कॉमिक कॉन २०११ मध्ये दिल्ली हाटला भरला.

आमचा गेल्या वेळचा हिशेब: माणशी दीडशे, चाळीस जणांचे सहा हजार. हॉल दोन हजार. मिसळ चाळीस प्लेट, पासष्टप्रमाणे सव्वीसशे. चहा दोनदा, आठ रुपये कप, सहाशे चाळीस. छपाई आणि बॅजवरच्या टिकल्या तीनशे. उरले चारशे साठ, ते डोमेनच्या डब्यात. आयोजकही दीडशे भरतात. मिसळ सकाळीच द्या, पोशाख चढवायच्या आधी. काळ्या रश्श्याचा डाग पांढऱ्या सॅटिनवरून निघत नाही.

सोंगं

पहिल्या वर्षी मला सगळ्यात जास्त भीती सासूबाईंची होती. त्यांचं माहेर पेठ तालुक्यातलं. वयात आलेली नात निळे केस लावून लोकांपुढे उभी राहणार, हे त्यांना कसं सांगायचं? शेवटी रात्री भाकऱ्या करताना सांगून टाकलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे सोंगं घेणार. आमच्याकडे बोहाड्याला घेतात तशी.” आणि लगेच पुढचा प्रश्न: “मुखवट्याला आतून कापड लावलंस का? घामानं रंग सुटतो अन् डोळ्यात जातो.”

मी लावलं नव्हतं.

बोहाड्यात देवादिकांचे मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचतात. लहानपणापासून ते पाहिलेल्या बाईला कॉसप्ले, म्हणजे आवडत्या पात्राचा वेष घेणं, समजावून सांगायची गरजच नव्हती. त्या मेळाव्याला आल्या, दाराशी खुर्ची टाकून बसल्या, मांडीवर सुईदोऱ्याचा डबा. ज्याचं जे उसवलं ते तिथेच टाचून दिलं. पुढे प्रत्येक मेळाव्यात ती खुर्ची त्यांचीच झाली. नाशकात धुळवडीला लहान मुलांना देवांचा वेष देऊन गंगेवर, म्हणजे गोदावरीवर नेतात, तेव्हा कुणी म्हणत नाही की हे काय खूळ. घरच्यांना पटवायचं असेल तर परदेशी नावं सांगत बसू नका, इथून सुरुवात करा.

त्यांच्याकडून शिकलेलं आणि माझं मिळून थोडक्यात लिहिते. मुखवटा असेल तर आत मलमल. फोमशीट चिकटवायला चपलेचं सोल्यूशन, पण खिडकी उघडी ठेवून आणि लहान मुलांना बाहेर पाठवून. दोन्ही बाजूंना लावा, दहा मिनिटं सुकू द्या, मगच दाबा. ओल्यावर चिकटवलं तर सांधा दुपारी सुटतो. लेस, मणी, बटणं दहीपुलाकडे फिरलात तर एका फेरीत होतात. खांद्यावरचं वजन ब्लाउजच्या शिवणीवर टाकू नका, आतून पट्टा घालून कमरेवर घ्या. चेन लावू नका, वेल्क्रो लावा, कारण मुलींना हॉलमधल्या एकुलत्या एका बाथरूममध्ये पोशाख उतरवायचा असतो आणि बाहेर रांग असते. शस्त्रं पुठ्ठ्याची किंवा फोमचीच. तीही येता-जाता पिशवीत गुंडाळून आणा. आमच्यातल्या एकाला चंदेरी कागदाची तलवार हातात घेऊन बसमध्ये चढताना अर्धा तास खुलासे करावे लागले.

एक कोपरा दादासाहेब फाळक्यांचा ठेवतो. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०. शेवट नाशकातच, १९४४ साली. त्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण बाई मिळेना. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले. मुलाला मुलीचं पात्र करायचं असेल आणि कुणी हसलं, तर हसणाऱ्याला मी या कोपऱ्यापाशी नेते आणि पोराला पुढे करते.

लाल टिकली, हिरवी टिकली

फोटोचा नियम दारातच सांगा. आमच्याकडे बॅजवर टिकली असते. हिरवी म्हणजे फोटो काढा आणि कुठेही टाका. पिवळी म्हणजे दर वेळी विचारा. लाल म्हणजे नाही. अठराखालच्या मुलांची टिकली पालकांच्या सहीनंतरच, पण मूल नको म्हणालं तर पालकांनी हो म्हटलेलं असलं तरी लालच. यावर आई-वडील चिडतात. चिडू देत. मुलाचं तोंड मुलाचं आहे.

टाकण्याआधी फोटोतलं ठिकाण पुसून घ्या. फोनच्या कॅमेऱ्यात ते बंदही करता येतं. शाळेचा युनिफॉर्म, गाडीचा नंबर, घराची पाटी फोटोत नको.

कुणाचा फोटो उचलून खोटं खातं केलं तर घाबरून काही डिलीट करू नका. तारीख आणि लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट आधी घ्या. मग त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे कळवा. २०२१ च्या नियमांनुसार असा अधिकारी नेमणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. बरोबरच सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार करा. पैशांची फसवणूक असेल तर लगेच १९३० वर फोन. आणि त्या मुलीला एकटीला पोलीस स्टेशनला पाठवू नका. आम्ही तिघी गेलो होतो.

लेकीचा फोन

हे मेळाव्याबाहेरचं वाटेल, पण माझ्या लेखी हाच त्याचा पाया आहे.

लेक दहावीत असताना ती आंघोळीला गेली आणि मी तिचा फोन उघडला. पॅटर्न मला माहीत होता, ती माझ्यासमोरच काढायची. रात्री उशिरापर्यंत कुणाशी तरी लिहीत बसायची, माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पाहिलं तर ती एका टोपणनावानं गोष्ट लिहीत होती, तिच्या आवडत्या पात्रांची, मराठीत, आणि इंदूरची एक मुलगी ती वाचून कळवत होती. गोष्टीत एक आई होती. ती सारखी शिवत असते आणि मान वर करून बघत नाही.

मी फोन जागेवर ठेवला, पण उलटा ठेवला गेला असावा. तिला कळलं. नऊ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. हे म्हणाले, “आईच आहेस, बघितलंस तर काय बिघडलं?” ते अंबडच्या कंपनीत तीन पाळ्यांत काम करतात, घरातलं असलं काही त्यांच्यापर्यंत उशिरा पोचतं. सासूबाई मात्र म्हणाल्या, “तिच्या पेटीला हात लावलास. विचारायचं होतंस.” त्यांच्या लग्नात आलेली पत्र्याची पेटी अजून माळ्यावर आहे. तिची किल्ली शेवटपर्यंत त्यांच्याच कमरेला होती.

दहाव्या दिवशी मी तिची माफी मागितली आणि आम्ही एक ठरवलं. मी फोन उघडणार नाही. ती कुठे जाते, कुणाला प्रत्यक्ष भेटते, ते सांगून जाईल. काही घाबरवणारं घडलं तर रात्री दोनलाही मला उठवेल आणि मी आधी रागावणार नाही. एकदा तिनं उठवलंही. मी रागावले नाही, चहा केला.

सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मी ते पेपरात वाचलं होतं, कात्रणही ठेवलं होतं, आणि तरी फोन उघडला होता. मेळाव्यातल्या टिकल्या त्या नऊ दिवसांनंतर आल्या.

लिहायची भिंत

हॉलच्या एका भिंतीवर ब्राऊनपेपर लावा आणि स्केचपेनं ठेवा. कोणतं पात्र फसलं, कोणता शेवट पटला नाही, लिहू द्या. वाद होतील, होऊ द्या. माणसावर, जातीवर, अंगावर लिहिलं तर मी कागदाचा तेवढा तुकडा फाडते आणि लिहिणाऱ्याला का ते सांगते. कारण न सांगता आमचं पान पुसलं गेलं होतं, म्हणून हा भाग मी कधी वगळत नाही.

२०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं नुसतं लाइक केलं होतं. ज्याचा तेव्हा आधार घेतला गेला ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. आपल्या भिंतीवर लिहायला कचरणाऱ्या मुलींना मी हे सांगते, आणि पेन हातात देते.

चित्रं विकायला ठेवणाऱ्यांना मात्र आधी समजावून सांगा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ स्वतःच्या वापरासाठी आणि टीका-समीक्षेसाठी रास्त मोकळीक देतं. दुसऱ्याच्या पात्राची चित्रं छापून विकणं त्यात बसतंच असं नाही. आमच्याकडे विक्रीच्या टेबलावर स्वतःची पात्रं असतात, आणि आवडत्या पात्रांची चित्रं फक्त दाखवायला.

नेट बंद पडलं तर

२०१६ च्या ऑक्टोबरात जिल्ह्यात तणाव होता तेव्हा मोबाइल इंटरनेट बंद झालं होतं. मेळावा नव्हता, पण दुकानाची निम्मी गिऱ्हाइकं माझ्यापर्यंत पोचू शकली नाहीत. १० जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अशी बंदी बेमुदत घालता येत नाही आणि तिचा आदेश जाहीर करावा लागतो. आता २०२४ च्या नियमांत एका आदेशाला पंधरा दिवसांची मर्यादा आहे. आपल्याला मात्र एक दिवसही पुरतो घोटाळा व्हायला. म्हणून फोनची साखळी ठेवा: पाच जण, प्रत्येकाकडे आठ नंबर, कागदावर. सीबीएस (मुख्य बसस्थानक) आणि नाशिक रोड स्टेशनपासून हॉलपर्यंतचा रस्ता हातानं काढून आठवडाभर आधी सगळ्यांना द्या. गल्ल्यात दहा-वीसच्या नोटा, कारण क्यूआर चालेलच असं नाही.

संध्याकाळनंतर

हॉल झाडा, चकाकी आधी ओल्या फडक्यानं टिपा, झाडूनं ती पसरते. किल्ली त्याच दिवशी परत करा.

फोटो तीन दिवसांच्या आत जमवा, नाही तर लोक विसरतात. पान गेल्यावर, ज्यांचे नंबर माझ्याकडे होते त्या प्रत्येकाला मी जुन्या फोटोंसाठी फोन केला होता. बहुतेकांनी फोन बदललेले. त्या मांगा काढणाऱ्या मुलींपैकी एकीनं तिच्या उसवलेल्या बुटाचा फोटो काढलेला सापडला, कडेला सासूबाईंचा हात आहे, अंगठ्यावर दोरा गुंडाळलेला. चेहरा नाही. तो छापून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलाय.

आता दोन डिस्क आहेत. एक दुकानाच्या कपाटात. दुसरी सिन्नरला बहिणीकडे, कारण आमच्या गल्लीत पाणी शिरलं तर दोन्ही एकाच घरात नकोत. अक्षय्य तृतीयेला आणि भाऊबीजेला ती माहेरी येते तेव्हा डिस्क घेऊन येते. मी नवं भरून देते आणि चारपाच फोटो उघडून बघते, उघडतात ना ते.